घरट्याचे फोटो स्पर्धेतून बादच करावेत का?

मुठाकाठचा
ऑक्टोबरातला वन्यजीव सप्ताह जवळ आला की पुण्यात फोटो-स्पर्धांच्या जाहिराती फिरू लागतात. मग बालगंधर्वच्या कलादालनात नाहीतर आणखी कुठे प्रदर्शन. माझं म्हणणं सरळ आहे: घरट्याचा, पिलांना भरवतानाचा फोटो स्पर्धेत घेऊच नये आणि भिंतीवरच्या प्रत्येक फोटोखाली तो कसा काढला ते लिहावं. आत्ता खाली कॅमेऱ्याचं मॉडेल, आयएसओ, शटर स्पीड असतं. आमिष म्हणून अळ्या टाकल्या होत्या का, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावला का, याचा पत्ता नाही.

तिबोटी खंड्याच घ्या. पावसाळ्यात कोकणात मातीच्या दरडीत बीळ करून तो अंडी घालतो. इथून गाड्या भरून लोक जातात. बिळासमोरच्या काडीवर चोचीत सापसुरळी धरून बसलेला खंड्या, हा फोटो सगळ्यांना हवा. पण समोर दहा-बारा लेन्स रोखलेल्या असताना तो बिळात शिरत नाही, काडीवरच ताटकळतो. आत पिलं उपाशी. आणि आपण म्हणतो, काय पोझ दिली!

फुलफ्रेम
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. लपणात गपगुमान बसून लांबच्या लेन्सने काढणारेही आहेत. तुमच्या नियमाने काय होईल? खरं लिहिणारा बाद आणि थाप मारणाऱ्याला ट्रॉफी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. नंतर तो शिकवलेला लांडगा असावा असं ठरलं. नियम तिथेही होतेच की!

मुठाकाठचा
होते, म्हणूनच २०१० मध्ये बक्षीस काढून घेता आलं. त्याच स्पर्धेत २०१७ ला वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचा फोटो जिंकला. तज्ज्ञांनी तो ब्राझीलमधल्या उद्यानाच्या दारात ठेवलेल्या, भुसा भरलेल्या मुंगीखाऊशी ताडून पाहिला. खुणा जुळल्या आणि २०१८ मध्ये फोटो बाद. फोटोग्राफरने इन्कार केला, तरीही.

रॉ_फाइल
परीक्षकांची अडचण कुणी बघतच नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, मागवली की फोटोशॉपची करामत पकडता येते. फांदीवर अळ्या ठेवल्या होत्या हे कुठल्याच फाइलमध्ये दिसत नाही.

भिगवणचा पाव्हणा
नुसत्या घरट्यावर काय अडलंय? उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी शांत चरत असतात आणि गिऱ्हाईकच नाववाल्याला म्हणतं, "मामा, जरा उडवा की!" कारण बक्षीस उडणाऱ्या थव्याला. नाववाल्याला नावं ठेवू नका, हंगाम चार महिन्यांचा, त्याला पोट आहे. परीक्षकांनी चरणाऱ्या रोहितला एकदा पहिला नंबर द्यावा, मग बघा.

नदीपल्याड
तुमचं सगळं पक्ष्याभोवतीच. पुण्याजवळ नदीकाठच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक येतात. सोनेरी उन्हातली जोडी फोटोत येते, पण हातभर अंतरावर बंधाऱ्याला अडकलेल्या पिशव्या, बाटल्या आणि जलपर्णी क्रॉप होते. आणि हा फोटो 'पर्यावरण' विभागात लागतो! मुळा-मुठेची घाण कापून टाकणं ही लबाडी नाही?

फुलफ्रेम
क्रॉप म्हणजे लबाडी? उद्या वाइड लेन्स सक्तीची करा. अहो, शाळेतली पोरं देखणा खंड्या बघायला येतात, बाटल्या बघायला नाही. त्यातलीच दोन-चार पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन हिंडतात.

नदीपल्याड
पोरांना दोन्ही दाखवा. नदीची घाण त्यांना एरवी पुलावरून दिसतेच.

मुठाकाठचा
मूळ मुद्द्यावर येऊ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. मी जगावेगळं काही मागत नाही. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: अंतर किती, खाद्य किंवा आवाज वापरला का. खोटं निघालं तर बक्षीस परत.

फुलफ्रेम
रकाना वाढवा, मी भरीन. पण सरसकट घरटं बाद हे नाही पटत. सुगरणीचा नर विहिरीवरच्या बाभळीवर घरटं विणतो, तेव्हा त्यात अंडी नसतात. मादीला पसंत पडलं तर पुढची गोष्ट. तो फोटोही बाद?

मुठाकाठचा
विणकाम चालेल. अंडी-पिलं असली की नाही.

फुलफ्रेम
मग नियमात तसंच लिहा ना. नुसतं 'घरटं' लिहाल तर परीक्षक पहिल्या फेरीतच सुगरण उडवतील आणि लपूनछपून काढलेला खंड्या 'दरडीवरचा पक्षी' म्हणून आत शिरेल.