डी कूनिंग म्हणे 'न शिकलेला रंगारी'!

खडूभुकटी: काल इथे कुणीतरी लिहिलं की चित्रकार विलेम डी कूनिंग अमेरिकेत भिंती रंगवायचा, कलाशाळेची पायरीही चढला नाही, तरी जगभर गाजला; सबब पोरांना कलाशाळेच्या फाउंडेशन कोर्सला घालून पैसे घालवू नका. वाचता वाचता चहा गार झाला. अहो, १९०४ साली हॉलंडात रॉटरडॅमला जन्मलेला हा पोरगा बाराव्या वर्षी शाळा सोडून सजावटीच्या पेढीत उमेदवारीला लागला आणि रात्री तिथल्या कला अकादमीत जायचा. वर्षानुवर्षं! १९२१ च्या सुमाराचं त्याचं भांड्यांचं स्थिरचित्र बघा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. भांड्यावरचा उजेड फुंकर मारली तर उडेल असा.

भिंतवाला: ती पोस्ट माझीच. गेला अकादमीत, बरं. मग त्याच्या 'वुमन १' या चित्रात ते शेडिंग कुठे गेलं? १९४८ च्या पहिल्या एकल प्रदर्शनातली काळी-पांढरी चित्रं घरं रंगवायच्या एनॅमलमध्ये केलीत, स्वस्त पडायचं म्हणून. हे अकादमीनं शिकवलं? माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका दमात सरळ रेघ. डिप्लोमावाली पोरं बघत उभी राहायची.

खडूभुकटी: पाटीवाल्यांचा लांब केसांचा लायनर ब्रश डी कूनिंग कॅनव्हासवर वापरायचा, हे मात्र खरं. घ्या, दिला तुम्हाला एक गुण. पण हात आधी कोळशानं चित्रं काढून तयार झाला होता.

हडसनकाठ: कुणी बोलतच नाही म्हणून मी बोलतो. हा डी कूनिंग १९२६ साली बोटीत लपून अमेरिकेत आला. कागदपत्रं नाहीत. व्हर्जिनियात उतरला, मग न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडच्या होबोकनला येऊन रंगकाम. मी त्याच होबोकनशेजारी अकरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. लेक एकवीसची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडणार. आणि तुम्ही रांग मोडणाऱ्याचे पोवाडे गाताय!

निंबोणी: कसली रांग? अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानी लोकांना दारच बंद केलं होतं. आणि त्याला काय फुकट मिळालं? १९३५ ला सरकारी कलायोजनेत काम लागलं, पहिल्यांदाच दिवसभर चित्रं काढून पगार. १९३७ ला 'नागरिक नाहीस' म्हणून सोडावं लागलं. नागरिकत्व थेट १९६२ ला.

हडसनकाठ: म्हणजे छत्तीस वर्षं. वा. माझी आता पंचवीसच राहिली म्हणायची. पेढे वाटतो.

निंबोणी: तुमचा राग कायद्यावर काढा ना, मेलेल्या चित्रकारावर कशाला?

हडसनकाठ: तुमच्याकडे पासपोर्ट कुठला आहे ते आधी सांगा, मग शिकवा.

भिंतवाला: ओ, व्हिसावाले, वेगळा धागा काढा! मुद्दा पोराच्या फाउंडेशनचा होता.

खडूभुकटी: रात्री वर्गाला घाला. दिवसा तुमच्या वडिलांकडे बसवा. डी कूनिंगचा हिशोब तोच होता.

भिंतवाला: फ्लेक्स आला तेव्हाच त्यांचं दुकान बसलं. ब्रश तेवढे आहेत माळ्यावर.