खारघर, आमच्या सोसायटीचा ग्रुप: बाबांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन

बी-३०४: सुप्रभात. राग मानू नका. बाबांना खाली कट्ट्यावर "या वयात ऑपरेशन म्हणजे पैसे पाण्यात" असं कोण बोललं ते मला कळलंय. काल रात्री ते अर्ध्या ताटावरून उठले.

डी-१०२: मीच बोललो. काळजीपोटी. चाकू लागला की कॅन्सर पसरतो.

सेक्रेटरी: टँकर ११ वाजता येईल. पाणी जपून वापरा.

बी-३०४: काका, मान राखून सांगतो. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) २६, ग्लीसन (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो तो आकडा) ४+४ = ८, म्हणजे हाय रिस्क, हे डॉक्टरांनीच सांगितलं. वय, पीएसए, बायोप्सीचे किती तुकडे पॉझिटिव्ह, सगळं कॉम्प्युटरवर भरून टक्के काढले. कॅन्सर लिम्फ नोडमध्ये (जवळच्या लसिका गाठींत) गेला असण्याची शक्यता ३० टक्के. बाबा तेवढाच आकडा धरून बसलेत.

डी-१०२: ३० कमी नाही बाळा. चाकू लागला की पसरतो.

सी-५०३: टक्के काढायच्या त्या हिशोबाला नोमोग्राम म्हणतात. ह्यांचाही काढला होता. आधी ऑपरेशन झालेल्या शेकडो-हजारो पेशंटवरून ते टक्के येतात. बाबा त्या ३० त की ७० त, हे तो सांगत नाही. खरं कळतं ते काढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या रिपोर्टमध्ये: कवचाबाहेर गेलाय का, मार्जिनवर म्हणजे कापलेल्या कडेवर आहे का, नोडमध्ये आहे का. हाय रिस्कवाल्यांतही काहींचा ग्रंथीतच निघतो. ह्यांचा बाहेर होता, नंतर रेडिएशन लागलं. तेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

ए-२०४: रिपोर्टवरून आठवलं, लॅबवाल्याची बाइक रोज माझ्या पार्किंगमध्ये 😀

बी-३०४: दादा, आज नको.

ए-२०४: सॉरी रे. चुकलं.

डी-१०२: माझा मुद्दा कोणी ऐकत नाही. चाकू लागला की...

ए-६०२: काका, तिसऱ्यांदा झालं! पसरायचा तो आजारामुळे पसरतो, चाकूमुळे नाही. आणि पीएसए २० च्या वर, ग्लीसन ८ ते १०, किंवा तपासणीत गाठ वाढलेली, यातलं एक असलं तरी हाय रिस्कच म्हणतात. १९९८ पासून ही वाटणी आहे. एकाच पिशवीत किती वेगवेगळे पेशंट! बाबांच्यात दोन गोष्टी आहेत, ते लपवू नये. पण म्हणून आशा सोडायची का? मनात शंका असेल तर टाटाचं कॅन्सर सेंटर अ‍ॅक्ट्रेक इथेच आहे, दुसरं मत घे.

डी-१०२: मी वाईट चिंतलं नव्हतं.

सी-५०३: कोणी तसं म्हटलं नाही भाऊजी. बी-३०४, ऑपरेशननंतर कॅन्सर परत येतोय का हे कळायला पीएसए ०.२ च्या वर जातो का, ते बघत राहायचं असतं. मी कालनिर्णयवर लिहून ठेवते. मागच्या खेपेला ह्यांचा ०.०४. बाबांना सहा वाजता घेऊन ये, हे स्वतः बोलतील.

डी-१०२: मीही येऊ का?

बी-३०४: या काका. बाबांनी मेसेज वाचले, फाइल शोधतायत.