दहा गिगाबिटने पीकॅप रिप्ले करायचंय, हार्डवेअर काय घ्यावं?

अंबड_नेट: नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या एका प्लांटमध्ये सुरिकाटाचा (नेटवर्कमधले हल्ले ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बॉक्स बसवायचाय. लाइव्ह लावण्याआधी तिथलंच कॅप्चर (नोंदवून ठेवलेल्या पॅकेटची पीकॅप फाइल) त्याच्यावर सेकंदाला १० गिगाबिटने सोडून बघायचं आहे. फाइल ३८ जीबी, सरासरी पॅकेट ७०० बाइट. हाताशी आठ कोरचा डेस्कटॉप, ३२ जीबी रॅम, साटा एसएसडी. लॅमिंग्टन रोडला इंटेल एक्स५२० चं जुनं ड्युअल पोर्ट नेटवर्क कार्ड मिळतंय. पुरेल का? तयार ट्रॅफिक जनरेटर बजेटमध्ये बसत नाही.

पंचवटी_पॅकेट: कार्ड पुरेल, बाकीचं अडेल. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १.२५ जीबी, साटा एसएसडी साडेपाचशे एमबीच्या आसपास दमते. एनव्हीएमई (साटाहून बरीच वेगवान एसएसडी) घ्या किंवा रॅम वाढवा. मी तर रॅमच म्हणेन: ६४ जीबी टाका आणि टीसीपीरिप्लेला (पीकॅप पुन्हा पाठवणारं टूल) फाइल आधीच रॅममध्ये घेणारा प्रीलोडचा पर्याय द्या, म्हणजे चालू असताना डिस्कचा संबंधच उरत नाही.

आता पॅकेटचा हिशेब. कॅप्चरमध्ये न दिसणारे २४ बाइट (चेकसम, प्रिअँबल, दोन फ्रेममधली जागा) धरले की ७०० चे ७२४ होतात, म्हणजे सेकंदाला साधारण १७.३ लाख पॅकेट. टीसीपीरिप्ले एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे आठ कोरपेक्षा एका कोरचा क्लॉक महत्त्वाचा. नेहमीच्या कर्नल सॉकेटमधून इतकी पॅकेट काढताना बहुतेक डेस्कटॉप हात टेकतात. एक्स५२० ला नेटमॅप (कर्नलचा नेहमीचा रस्ता टाळून पॅकेट थेट कार्डाला देणारी यंत्रणा) चालतं, ते वापरा. ६४ बाइटच्या पॅकेटने लाइन रेट (तारेचा पूर्ण वेग) हवा असता तर १.४८८ कोटी लागले असते, तो वेगळाच खेळ.

सिडको_लिनक्स: स्लॉट बघितला का? एक्स५२० हे पीसीआयई २.० चं आठ लेनचं कार्ड. डेस्कटॉप बोर्डावर दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा, पण आत बहुतेकदा तारा चारच असतात. तिथे हे कार्ड पीसीआयई २.० च्याच वेगाने चार लेनवर चालतं, म्हणजे कागदावर २ जीबी. एक पोर्ट निभेल, दोन्ही पोर्टला २.५ जीबी लागतात, ते नाही. बोर्ड ३.० चा असला तरी फरक पडत नाही, वेग कार्डाच्या पिढीवर ठरतो. एलएसपीसीआय ही लिनक्स कमांड सविस्तर चालवून लिंक स्टेटसच्या ओळीत रुंदी आठ दिसतेय का ते तपासा. ग्राफिक्स कार्ड काढून पहिल्या स्लॉटमध्ये टाका, सीपीयूवरचं डिस्प्ले आउटपुट वापरा.

केबल म्हणून साधी पॅसिव्ह डॅक (दोन्ही टोकांना प्लग असलेली तांब्याची केबल) घ्या, तीन मीटर बास. दुसऱ्या कंपनीचे ऑप्टिकल मॉड्यूल हे कार्ड नाकारतं. आयएक्सजीबीई या त्याच्या ड्रायव्हरला अनसपोर्टेड एसएफपी (अशी मॉड्यूल) चालू देण्याचं पॅरामीटर आहे, पण डॅकला ती भानगडच नाही.

अंबड_नेट: आभार. डीपीडीके पॅकेटजेन (कर्नल टाळून पॅकेट पाठवणारं टूल) वापरलं तर सीपीयूचा प्रश्न मिटेल ना?

पंचवटी_पॅकेट: सीपीयूचा मिटेल, रॅमचा उभा राहील. ते प्रत्येक पॅकेटला दोन केबीहून मोठा बफर देतं, पॅकेट कितीही लहान असो. तुमच्या फाइलमध्ये ५ कोटींच्या वर पॅकेट, म्हणजे १२० जीबीच्या घरात ह्यूजपेज (रॅमचे राखून ठेवलेले मोठे तुकडे). शिवाय पीकॅपमधल्या वेळा ते पाळत नाही. नेटमॅपवरच राहा भाऊ.

आणि ३८ जीबी फाइल पूर्ण वेगाने अर्ध्या मिनिटात संपते. लूप लावावाच लागेल, पण तेच आयपी आणि तेच सिक्वेन्स नंबर पुन्हा आले की सुरिकाटाला ते जुन्याच कनेक्शनचे रीट्रान्समिशन वाटतात आणि निकाल फसवे येतात. प्रत्येक फेरीला आयपी बदलणारा युनिक-आयपीचा पर्याय चालू ठेवा.

गंगापूररोड_एनओसी: कार्ड घेण्याआधी पीकॅपच तपासा. कॅप्चर करताना जीआरओ (आलेली पॅकेट एकत्र जोडणारं ऑफलोड) चालू असेल तर पॅकेट जोडली जाऊन कित्येक केबीची झालेली असतात. ती एमटीयूत (एका पॅकेटच्या कमाल आकारात) बसत नाहीत आणि रिप्लेमध्ये ‘मेसेज टू लाँग’ अशी चूक येते. तुमची ७०० ची सरासरीही मग खरी नाही. टीशार्क या पॅकेट तपासायच्या टूलमध्ये १५१८ बाइटपेक्षा लांब फ्रेम गाळून बघा. निघाल्या तर ऑफलोड बंद करून कॅप्चर परत घ्या. स्नॅपलेनने (कॅप्चर करताना लावलेली पॅकेटच्या लांबीची मर्यादा) कापलेली पॅकेट टीसीपीरीराइट या टूलने लांबीला भरता येतात, पण आत शून्यच भरतात, पेलोडचे नियम त्यावर लागणार नाहीत.

दोन्ही मशीनवर इथटूल या कमांडने पॉज फ्रेम बंद करा. चालू राहिल्या तर सुरिकाटाचं कार्ड भरलं की ते समोरच्याला ‘थांब’ सांगतं, पाठवणारा मुकाट्याने वेग कमी करतो आणि ड्रॉप शून्य दिसतात. अशी चाचणी काढून टाकायच्या लायकीची. रिप्लेच्या शेवटी छापलेल्या आकड्यावरही जाऊ नका. सुरिकाटाच्या बाजूला इथटूलमध्ये ‘आरएक्स मिस्ड’ आणि स्टॅट्समध्ये ‘कर्नल ड्रॉप्स’ वाढतात का ते पाहा.

जाता जाता, एक्स५२० ला स्वतःचा पंखा नाही, ते सर्व्हरच्या वाऱ्यावर चालायला बनवलेलं. एप्रिलच्या उन्हात शेडमध्ये डेस्कटॉपच्या डब्यात ठेवणार असाल तर हीटसिंकवर ८० मिमीचा पंखा रोखून लावा.