मदत हवी आहे: फ्लेमिंगो नक्की कुठं बघायला मिळतील?

वाळवेकर_पोरगा: मायणीच्या तळ्यावर जाऊन आलो. फ्लेमिंगो एकही नाही. या रविवारी परत निघायचंय, नेमकी जागा सांगा. उशिरा नको, लवकर सांगा.

खटावकर: कधी गेला होता? निघणार कुठून? नुसते फ्लेमिंगोच हवेत की बाकीचे पाहुणे पक्षीही चालतील?

वाळवेकर_पोरगा: गेल्या रविवारी, दुपारी बाराला पोचलो. सांगलीहून निघणार. फ्लेमिंगोच.

लेन्सवाला: ४०० मिमीच्या खालची लेन्स असेल तर जाऊच नका. ट्रायपॉड लागतोच. पाठीमागून ऊन येईल असं उभं राहा.

वाळवेकर_पोरगा: फोटो काढायचे नाहीत.

भटकंती_पुणे: सरळ भिगवणला जा. उजनी धरणाच्या फुगवट्यात नावेतून जवळ जाता येतं. मी दर वर्षी जातो, कधी हात हलवत परत आलो नाही.

खटावकर: सांगलीचा माणूस घराजवळचं, सातारा जिल्ह्यातलं खटाव सोडून भिगवणला कशाला जाईल? मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी ही तिन्ही तळी एका दिवसात होतात. पक्षी एकाच तळ्याला धरून बसत नाहीत. फ्लेमिंगोला उथळ पाणी आणि खाली चिखल लागतो. चोच उलटी पाण्यात घालून गाळून खातो तो. पाऊस चांगला झाला की तळं काठोकाठ भरतं आणि त्याला उभं राहायला जागा उरत नाही. पाणी उतरायला लागलं की येतो.

माणदेशी: बरोबर. आता तर खटावातल्याच नेर तलावात जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी येतंय. आमच्या शिवाराला ते हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण कुठल्या तळ्यात कधी किती पाणी असेल, हे जुन्या अंदाजावर आता सांगता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी गावात कुणाला तरी फोन करा.

सह्याद्री_वेडा: कासला जाऊन या, तिथली फुलं फार सुंदर असतात.

माणदेशी: दादा, ती पावसाळ्याच्या अखेरीस. आणि त्यांनी पक्षी विचारलेत.

भटकंती_पुणे: सैबेरियातून एवढ्या लांब येतात बिचारे आणि आपण त्यांना पाणीसुद्धा धड ठेवत नाही.

खटावकर: आपल्याकडचा मोठा फ्लेमिंगो सैबेरियाचा नाही. त्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते. हिमालय ओलांडून येतो तो पट्टकदंब, हंसासारखा पक्षी. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, तिबेट-मंगोलियाकडून येतो. चक्रवाक बदकही तिकडचंच. या दोघांना फ्लेमिंगोत मिसळू नका.

पाणथळ_सखी: वाळवेकर, मला वेगळंच विचारायचंय. त्या दिवशी तळ्यावर काहीच नव्हतं का? दुसरं काय दिसलं?

वाळवेकर_पोरगा: होते पक्षी. बदकं. आणि लांब चिखलात पंधरा-वीस उंच, मळकट पांढरे उभे होते. गुलाबी एकही नव्हता. वडील म्हणत होते, हेच ते. त्यांचं लहानपण तिकडं गेलंय. आता गुडघे धरलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी म्हटलं, अण्णा, ते बगळे असतील. आणि गाडीत बसवून परत आणलं.

पाणथळ_सखी: चोच कशी होती? मान खाली घालून पाण्यात पाय आपटत होते का?

वाळवेकर_पोरगा: हो, जागच्या जागी पाय आपटत होते. चोच मधेच मोडल्यासारखी खाली वाकलेली.

पाणथळ_सखी: मग अण्णांचं बरोबर आहे. ती फ्लेमिंगोची पिल्लं होती, उडती झालेली. पहिली दोन-तीन वर्षं ती करडी-मळकट असतात. गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळ-कोळंबीतून हळूहळू चढतो. बगळा असा पाय आपटत घोळक्यानं चरत नाही आणि त्याची चोच भाल्यासारखी सरळ असते.

लेन्सवाला: म्हणूनच म्हटलं होतं लेन्स हवी.

खटावकर: लेन्स नको, दुर्बीण हवी. ८×४२ची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी. नसेल तर कुणाची तरी मागून घ्या.

वाळवेकर_पोरगा: घरी येईपर्यंत अण्णा काही बोलले नव्हते. आत्ता त्यांना हे वाचून दाखवलं. रविवारी जाणारच. त्यांना फार चालवत नाही, गाडीतून उतरून जवळच बसून दिसतील अशी जागा कुठली?

माणदेशी: शनिवारी मी त्या बाजूला आहे. तिन्ही तळी बघून रात्री इथं लिहितो. तुम्ही फक्त पहाटे निघा आणि सोबत खुर्ची घ्या.