मदत हवी आहे: आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) रायटिंग ६.५, हवेत ७

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाकडून इतिहासाच्या एमएसाठी कंडिशनल ऑफर आहे. अट: एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७. मिळाले लिसनिंग ८.५, रीडिंग ८, स्पीकिंग ७.५, रायटिंग ६.५. म्हणजे एकूण ७.५ झाले, पण रायटिंगच्या अर्ध्या बँडवर (म्हणजे अर्ध्या गुणावर) घोडं अडलंय.

परीक्षा अॅकॅडेमिक प्रकारची, कॉम्प्युटरवर दिलेली. बीए इंग्रजी माध्यमातून झालंय. कॉलेजचं तसं पत्र पाठवून पाहिलं, विद्यापीठाने चालणार नाही म्हणून कळवलं. फक्त रायटिंग पुन्हा देणं (वन स्किल रीटेक) चालेल का, हेही विचारलंय, पण अजून उत्तर नाही. त्यासाठीची ६० दिवसांची मुदत मात्र पळतेय. फेरतपासणीचा अर्जही करता येईल. बँड वाढला तर फी परत मिळते, पण निकालाची वाट पाहण्यात वेळ जाणार. पूर्ण परीक्षेची फी लगेच पुन्हा भरणं जमणार नाही, त्यामुळे टोफेल-पीटीईसारख्या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षा सुचवू नका, प्लीज.

रायटिंगमध्ये ६.५ चे ७ फेरतपासणीत झालेले कुणी आहे का? आणि ह्युमॅनिटीजच्या प्रवेशाला वन स्किल रीटेकचा निकाल ब्रिटनमध्ये कुणाचा स्वीकारला गेलाय, कुठल्या विद्यापीठात?