पास्टरल मिनिस्ट्रीचं (लोकांच्या सुखदुःखात साथ देण्याच्या चर्चच्या सेवेचं) मास्टर्स प्रापंचिकांनी, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांनी, का करू नये? वसईला तरी गरज आहे

निर्मळकर
स्पष्टच लिहितो. आपल्याकडे फादर व्हायचं तर दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी), कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, किमान सहा वर्षं अभ्यास, आणि त्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) दर रविवारी पोरांना धर्मशिक्षण देणारी कॉलेजातली मुलगी मात्र एका शिबिराच्या जोरावर वर्गात उभी. हे पटतं का कोणाला?

ओळखीतल्या एका घरची गोष्ट, गाव सांगत नाही. मुलगी हिंदू मुलाशी लग्न करणार होती. आई बाप्तिस्म्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून चर्चच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलेली. बिशपांची परवानगी लागते, हा फॉर्म भरा, दोन साक्षीदार आणा, एवढं सांगून काम संपलं. फादरांना त्या दिवशी मयत होती, त्यांचा दोष नाहीच. पण त्या आईशी तासभर बसून बोलणारं कोणी नको का? मुलांचं काय करायचं, सासरी प्रार्थना कशी टिकवायची, मुलीशी अबोला धरू नका, हे सगळं सांगायला मन लागतंच पण शिक्षणही लागतं. समुपदेशन, बायबल, कॅनन लॉ, मयतीच्या घरी काय बोलावं न् काय बोलू नये, हे सगळं मास्टर्समध्ये शिकवतात.

आणि हे काही नवीन खूळ नाही. १९८३च्या कॅनन लॉचा २२९वा नियम सांगतो की प्रापंचिकांना चर्चच्या विद्यापीठांत शिकून पदव्या घ्यायचा हक्क आहे, हक्क! पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत दर्जा दिला आणि तिथेही बायबल, ईशज्ञान, अध्यापन यांची नीट तयारी हवी असं म्हटलंय. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप ही ईशज्ञान शिकवणारी संस्था आहे, तिथे प्रापंचिकही शिकतात. धर्मप्रांताने (बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांनी मिळून) दरवर्षी दोन-तीन जणांना खर्च देऊन पाठवावं, त्यात बायका असाव्यातच, आणि परत आल्यावर पगारी काम द्यावं.

आगाशीवाला
सहमत नाही भाऊ. आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण मयतीच्या घरी रात्रभर रोझरी तेच चालवायचे आणि लोक त्यांच्या शब्दाला मान द्यायचे. सेवेला पगार लावला की ती नोकरी होते, मग सुट्ट्या आल्या, इन्क्रीमेंट आलं, भांडणं आली. जर्मनीत ईशज्ञान शिकलेल्या प्रापंचिकांना धर्मप्रांत नोकरीला ठेवतात हे मला माहीत आहे, पण तिथे सरकार चर्चचा कर गोळा करून देतं. आपल्याकडे रविवारच्या कलेक्शनमधून छप्पर दुरुस्त करायचं की एम.ए.वाल्याला पोसायचं ते सांगा.

नंदाखालची_टीचर
आगाशीवाले दादा, डेकोरेशनवाल्याला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात, साउंडवाल्याला तर आधी अ‍ॅडव्हान्स लागतो. तिथे सेवाभाव कोणी विचारत नाही. तो फक्त आम्हा धर्मशिक्षण देणाऱ्यांनाच लागू, आणि त्यात बहुतेक बायकाच.

मी दहावीच्या वर्गाला शिकवते. एका मुलाच्या भावाने आत्महत्या केली होती, त्याने भर वर्गात विचारलं, टीचर तो स्वर्गात गेला का? सगळा वर्ग गप्प. देवाच्या दयेला सीमा नाही, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करूया, एवढं मी बोलले, पण पुढे त्याच्या घरी जाऊन काय करायचं, त्याला कोणाकडे पाठवायचं हे मला कोणीच शिकवलेलं नाही. मला शिकायचंय. आणि कॅनन २३१ वाचा जरा, चर्चच्या खास सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकाला योग्य मानधनाचा हक्क आहे असं त्यात लिहिलंय.

सांडोर_जुना
बाय, तुझी तळमळ कळते गं. माझा विरोध पैशाला नाही, दिशेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या दस्तऐवजात सांगितलं की प्रापंचिकाचं खास क्षेत्र म्हणजे जग, म्हणजे शेत, बँक, नगरपालिका, कोर्ट. हरित वसईच्या, म्हणजे वसईची झाडं-शेती वाचवायच्या लढ्यात पुढे फादर दिब्रिटो होते हे खरं, पण रस्त्यावर उतरली ती साधी माणसं, आणि ती ख्रिस्ती सेवाच होती. आता आपली हुशार पोरं वेदीभोवती गोळा करून अर्धे फादर तयार करायचे, आणि महानगरपालिकेत आपल्या बाजूने बोलायला कोणी उरायचं नाही, हे मला बघवत नाही. शिवाय अधिकार कुठे आहे? पालकीय परिषदेचं (धर्मग्रामातल्या लोकांच्या समितीचं) मत फक्त सल्ल्यापुरतं. डिग्रीवाला सल्ला देईल, फादर ऐकतील किंवा नाही ऐकणार.

निर्मळकर
काका, त्याच दस्तऐवजात पुढे ३३व्या परिच्छेदात असंही आहे की धर्माधिकाऱ्यांच्या कार्यात थेट हातभार लावायला प्रापंचिकांना बोलावता येतं. सगळ्यांना वेदीपाशी आणा असं मी म्हणतच नाही, हजारो जण बँकेत नि शेतात राहूदेत, दोन-तीन जण मयतीच्या, मोडलेल्या, दारूने पोखरलेल्या घरांसाठी तयार करा एवढंच म्हणणं. आणि सल्ल्याचं म्हणाल तर अभ्यास करून दिलेला सल्ला डावलणं सोपं नसतं.

पुण्यात_राहणारा
मी मधला माणूस. शिक्षण हवंच, पण दोन अडचणी कोणी बोलत नाहीये. पहिली म्हणजे हे उच्च शिक्षण इंग्रजीत, आणि ज्या घरात जाऊन बोलायचं तिथे सामवेदी नाहीतर वाडवळी बोली, तेव्हा प्रात्यक्षिक तरी मराठीत आणि वसईतच व्हायला पाहिजे, गिरीजचं आपल्या धर्मप्रांताचं जीवन दर्शन केंद्र आहे ना. दुसरी, फादरांची बदली होते. जुन्या फादरांनी ठेवलेल्या माणसाला नवे फादर आल्यावर उद्यापासून येऊ नका म्हणाले तर त्याने दोन वर्षांची डिग्री घेऊन कुठे जायचं? म्हणून नेमणूक धर्मग्रामाची नको, धर्मप्रांताची हवी, लेखी, मुदत आणि मानधन लिहून.

नंदाखालची_टीचर
लेखी असेल तर पहिला अर्ज माझा. नवऱ्याशी बोलून झालंय.

आगाशीवाला
ताई, तुम्ही जात असाल तर तुमच्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये मी वाटा उचलतो. पगाराबद्दलचं माझं मत मात्र तेच.