जामठ्यातील सामन्यांसाठी होणारे वाहतुकीचे बदल: वर्धा रोडच्या रहिवाशांना काय वाटते?

वर्धारोडवासी:
नागपूरजवळच्या जामठ्याच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय सामना असला की एका दिवसापुरती वर्धा रोडची वाहतूक निराळीच होते. जड वाहने दुसऱ्या रस्त्याने वळवली जातात, मेट्रोच्या फेऱ्या रात्री उशिरापर्यंत वाढवल्या जातात आणि खापरी मेट्रो स्थानकाच्या पुढे प्रेक्षकांना नेण्याआणण्याची सोय होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पूर्ववत. आता मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील बुटीबोरीकडे जाणारी मार्गिका जामठ्यावरूनच जाणार आहे. अशा स्पर्धांमुळे सार्वजनिक वाहतुकीत होणाऱ्या बदलांचा रहिवाशांना खरोखर लाभ होतो, की पाहुण्यांची सोय होते आणि घरच्यांची अडचण? इतर शहरांची उदाहरणे ठाऊक असल्यास तीही अवश्य सांगावीत.

जुना सदरवाला:
या प्रश्नाचे मूळ मैदानाच्या जागेत आहे. सामने सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होत असत तेव्हा सदर, धरमपेठ, बर्डी येथील मंडळी पायी किंवा सायकलने जात. वाहतुकीचा वेगळा आराखडा लागतो, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. 2008 मध्ये मैदान शहराबाहेर गेले आणि प्रेक्षकांना तेथवर पोहोचवण्याची जबाबदारी आपोआप सार्वजनिक यंत्रणेवर येऊन पडली.

थोडा हिशेब मांडतो. मैदानाची क्षमता सुमारे 45,000 आहे आणि आपल्या मेट्रोची गाडी तीन डब्यांची. गाडीत दाटीवाटीने नऊशेच्या आसपास माणसे मावतात असे धरले आणि केवळ एकतृतीयांश प्रेक्षक मेट्रोने परतायचे ठरवले, तरी सतरा गाड्या लागतील. दहा मिनिटांना एक गाडी सोडली, तर शेवटचा माणूस खापरीहून निघेपर्यंत अडीच तासांहून अधिक वेळ जाईल. त्यामुळे ‘मेट्रो उशिरापर्यंत चालवली’ एवढ्याने भागत नाही. दोन गाड्यांमधील अंतर किती, हेही विचारावे लागते.

शिवाय सामना घड्याळाप्रमाणे संपेलच असे नाही. सप्टेंबर 2022 मधील भारत-ऑस्ट्रेलिया सामना सायंकाळी सातऐवजी मैदान ओले असल्यामुळे साडेनऊला सुरू झाला आणि आठ-आठ षटकांवर आटोपला. शेवटच्या गाडीची वेळ शेवटच्या चेंडूशी बांधलेली असावी.

चिंचभवनची ताई:
वरील हिशेब पटला, परंतु त्यात फक्त प्रेक्षक आहेत. जामठ्यालाच राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे मोठे रुग्णालय आहे आणि जवळच्या मिहान प्रकल्पाच्या परिसरात एम्स आहे. वर्षातील बहुतेक दिवशी या रस्त्याने सामना पाहणारे जात नाहीत. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि पाळीवर जाणारे कर्मचारी जातात. सामन्याच्या दिवशी ज्या सोयी काही तासांत उभ्या राहतात, त्यांपैकी निम्म्या जरी रोज मिळाल्या, तरी रात्रपाळी सुटलेल्या परिचारिकेला ऑटोवाल्याशी भाड्याची घासाघीस करत उभे राहावे लागणार नाही. खरे सांगायचे तर मला राग सामन्याचा येत नाही. हे जमू शकते हे दिसते आणि तरीही रोज होत नाही, याचा येतो.

आणखी एक बाब. जादा बस येतात, त्या आकाशातून पडत नाहीत. नेहमीच्या मार्गावरच्या गाड्या तिकडे वळवल्या, तर त्या संध्याकाळी बाकीच्या थांब्यांवर लोक ताटकळतात. त्यांना आदल्या दिवशी तेवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

अजनी_प्रवासी:
बाहेरची उदाहरणे विचारलीत म्हणून लिहितो. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे उद्घाटन जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर 3 ऑक्टोबरला झाले आणि त्याच दिवशी त्या स्टेडियमजवळून जाणारी मेट्रोची व्हायोलेट मार्गिका सुरू झाली. स्पर्धा आटोपल्या, मार्गिका राहिली, आणि आज तिच्यावरून जाणाऱ्या नोकरदारांना त्या स्पर्धांशी काही देणेघेणे नाही. उलट विमानतळाची एक्सप्रेस मार्गिका स्पर्धांपूर्वी व्हायची होती, ती फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली. पाहुण्यांना ती मिळाली नाही, दिल्लीकरांना मात्र मिळाली. मला त्यात फारसे वाईट वाटत नाही.

पॅरिसने 2024 च्या ऑलिंपिकच्या काळात मेट्रोचे सुटे तिकीट 2.15 युरोंवरून 4 युरो केले, पण मासिक आणि वार्षिक पासधारकांवर ती वाढ लादली नाही. जादा सेवेचा खर्च पाहुण्यांकडून वसूल करून रोजच्या प्रवाशाला झळ न लागू देण्याची ही रीत मला न्याय्य वाटते. आपल्याकडे सामन्याच्या तिकिटातच परतीच्या मेट्रोचे भाडे धरले, तर स्थानकावरील तिकिटांच्या रांगाही कमी होतील.

वर्धारोडवासी:
सर्वांचे आभार. ताईंचा मुद्दा माझ्या प्रश्नात यायला हवा होता. जामठ्याचे स्थानक उभे राहील तेव्हा त्याचे दरवाजे, पादचारी पूल आणि बसथांबा यांची आखणी मैदानाकडे तोंड करून होते की रुग्णालयाकडेही, याकडे आपण आतापासूनच लक्ष ठेवावे, असे मला वाटते. आराखड्यावर सूचना मागवल्या गेल्यास येथे कळवीन.

जुना सदरवाला:
कळवा. दोन गाड्यांमधील अंतराचा मुद्दाही त्यात घाला.